३० कोटींची कंपनी, हातात किती?

चाकण-भोसरी, सातपूर-अंबड, वाळूज, शिरोली. कुठल्याही औद्योगिक वसाहतीत एखाद्याने कंपनी विकली की बातमी आकड्यासकट फिरते. ‘त्याने ३० कोटींना दिली.’ आकडा खोटा नसतो, पण तो विकणाऱ्याच्या खात्यात जसाच्या तसा कधीच येत नाही. बरेच मालक मात्र पुढच्या आयुष्याचं गणित याच आकड्यावर मांडतात.

एक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी धरू. वाहनांचे सुटे भाग बनवते. व्याज, कर आणि घसारा वजा होण्याआधीचा वर्षाचा नफा, ज्याला सगळे ‘एबिटडा’ म्हणतात, तो ५ कोटी. खरेदीदाराने सहापट भाव लावला. झाले ३० कोटी. ही किंमत धंद्याची आहे, तुमच्या शेअर्सची नाही. टर्म लोन आणि सीसी (कॅश क्रेडिट) मिळून बँकेचं ७ कोटींचं देणं आहे, ते वजा. कंपनीच्या खात्यात १ कोटी रोख आहे, ती जमा. राहिले २४ कोटी.

मग येतो वर्किंग कॅपिटलचा हिशेब. खरेदीदार मागच्या १२ महिन्यांची सरासरी काढून ‘व्यवहाराच्या दिवशी एवढा माल आणि एवढी येणी कंपनीत असलीच पाहिजेत’ अशी रेघ मारतो. विक्री जवळ आली की मालकाचा हात आपोआप त्याच बाजूला जातो: येणी घाईने वसूल करायची, सप्लायरांची बिलं थांबवायची, स्टॉक कमी करायचा, खात्यात रोख जास्त दाखवायची. त्या रेघेमुळे हा सगळा खटाटोप फुकट जातो. आपल्या उदाहरणात ८० लाख कमी भरले. राहिले २३.२० कोटी.

यात तुमचा हिस्सा ६० टक्के, पत्नीचा १५ आणि धाकट्या भावाचा २५. म्हणजे तुम्हा नवरा-बायकोचे १७.४० कोटी. त्यातले १० टक्के, १.७४ कोटी, दीड वर्ष एस्क्रो खात्यात, म्हणजे तिऱ्हाइताकडच्या राखीव खात्यात, अडकणार. मध्यस्थ, वकील, सीए यांचा एकूण खर्च ३ टक्के धरला तर तुमच्या वाट्याला ५२ लाख. उरलेल्यावर भांडवली नफ्याचा कर अधिभार आणि सेस धरून १४.९५ टक्के, म्हणजे साधारण २.५२ कोटी. शेअर्सची मूळ किंमत नगण्य धरली आहे आणि एस्क्रोतल्या रकमेवरचा करही पहिल्याच वर्षी भरला असं धरलं आहे.

खात्यात आले १२.६२ कोटी.

३० पासून १२.६२ पर्यंतच्या या उतारात कोणी कोणाला फसवलेलं नाही. टप्पे सगळे आधीपासून ठरलेले असतात. पण त्यातले बरेचसे बदलता येतात ते सहीच्या दोन-तीन वर्षं आधी. टर्म शीटवर, म्हणजे मुख्य अटींच्या प्राथमिक कागदावर, सही झाली की एकेक दार बंद होत जातं. म्हणून हिशेब किमतीकडून घराकडे नाही, घराकडून किमतीकडे करायचा.

आधी घरखर्च, मग भाव

मालकाला विचारलं, घरखर्च किती, तर तो पगाराएवढाच आकडा सांगतो. खरा आकडा कंपनीच्या वह्यांत दडलेला असतो. गाडी कंपनीची, तिचा हप्ता, विमा आणि डिझेल कंपनीचं, ड्रायव्हर कंपनीच्या पगारपत्रकावर. मोबाइल, मेडिक्लेम, क्लबची वर्गणी, वर्षातला एखादा परदेश दौरा, दिवाळीच्या भेटवस्तूंतला थोडा भाग. गेल्या १२ महिन्यांची बँक स्टेटमेंट्स आणि क्रेडिट कार्डाची बिलं समोर घ्या, कंपनीचं लेजरही उघडा, आणि ‘उद्या मालक नसलो तर हे कोण भरेल?’ हा प्रश्न प्रत्येक नोंदीला विचारा. घरातून महिना २.५ लाख जात असतील तर कंपनीतून आणखी ८० हजार सहज निघतात. म्हणजे वर्षाला ४० लाख.

पन्नाशीत कंपनी विकणाऱ्याला पुढची ३५-४० वर्षं काढायची असतात आणि महागाई थांबत नाही. त्यामुळे पहिल्या वर्षी एकूण पुंजीच्या साडेतीन टक्क्यांपेक्षा जास्त काढू नये आणि पुढे महागाईइतकीच वाढ करावी, हे आमचं प्रमाण. कोणी चार टक्के म्हणतात. इथल्या महागाईत आणि एवढ्या लांब पल्ल्यात आम्हाला ते सैल वाटतं. ४० लाख भागिले साडेतीन टक्के म्हणजे ११.४३ कोटी. त्यात घराचं उरलेलं कर्ज आणि मुलीचं परदेशातलं शिक्षण मिळून दीड कोटी धरा. गरज झाली १२.९३ कोटींची.

हातात १२.६२. म्हणजे एस्क्रो पूर्ण सुटेपर्यंत ‘३० कोटींना विकली’ या बातमीचा मालक ३१ लाखांनी कमी पडतोय. एस्क्रो सुटला की १४.३६ होतात आणि गाडी रुळावर येते. हे सहीआधी कळलं तर भाव, एस्क्रोचा टक्का किंवा जागेचं भाडं यांतलं काहीतरी बोलून घेता येतं. नंतर कळलं तर फक्त खर्च कमी करता येतो.

कॅलेंडरवरचे सापळे

पुढे येणारे कलमांचे आकडे १९६१ च्या आयकर कायद्यातले आहेत. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू आहे आणि त्यात क्रमांक बदलले आहेत, पण सीएंच्या तोंडी अजून जुनेच आकडे आहेत. दर २३ जुलै २०२४ पासूनचे घेतले आहेत. व्यवहाराच्या वर्षाचं बजेट मात्र तपासून घ्या.

अनलिस्टेड शेअर्स २४ महिन्यांपेक्षा जास्त काळ तुमच्याकडे असतील तर नफा दीर्घ मुदतीचा: १२.५ टक्के, इंडेक्सेशन (महागाईनुसार खरेदी किंमत वाढवून धरणं) नाही, अधिभार कितीही मोठ्या रकमेवर १५ टक्क्यांच्या वर जात नाही आणि त्यावर ४ टक्के सेस. यातूनच वरचे १४.९५ आले. २४ महिन्यांच्या आत असतील तर नफा तुमच्या स्लॅबने, म्हणजे नव्या करप्रणालीत ३९ टक्क्यांपर्यंत.

इथे बोनस शेअर्स घात करतात. उदाहरण बघा. बँकेने भरणा झालेलं भांडवल वाढवायला सांगितलं म्हणून कंपनीने एकास एक बोनस दिला. दहा महिन्यांनी कंपनी विकली. मालकाच्या मनात शेअर्स वीस वर्षं जुने. कायद्याच्या नजरेत बोनस शेअर्सचं वय वाटपाच्या दिवसापासून मोजतात आणि त्यांची खरेदी किंमत शून्य धरतात. म्हणजे अर्धे शेअर्स दहा महिन्यांचे, आणि विक्रीच्या निम्म्या रकमेवर १४.९५ ऐवजी ३९ टक्क्यांपर्यंत कर. १० कोटींच्या व्यवहारात हा फरक एक कोटीच्या वर जातो. विक्रीचा विचार मनात असेल तर बोनस आज द्या आणि २४ महिने थांबा, किंवा देऊच नका.

दुसरा सापळा भागीदारीच्या फर्मची प्रायव्हेट लिमिटेड करणाऱ्यांचा. असं रूपांतर करमुक्त होतं, पण अटीवर: जुन्या भागीदारांकडे मिळून ५० टक्के मताधिकार पाच वर्षं राहिला पाहिजे. ‘खरेदीदाराला कंपनी सोपी पडते’ म्हणून रूपांतर करून तिसऱ्या वर्षी सगळं विकलं, तर रूपांतराच्या वेळी माफ झालेला नफा पुन्हा उभा राहतो.

तिसरी गोष्ट चांगली आहे आणि बरेच जण विसरतात. शेअर्स १ एप्रिल २००१ च्या आधीचे असतील तर दर्शनी १० रुपयांऐवजी त्या तारखेचं वाजवी मूल्य खरेदी किंमत म्हणून घेता येतं. त्यासाठी मूल्यांकन अहवाल लागतो आणि अहवालासाठी २००१ चा ताळेबंद लागतो. तो पोटमाळ्यावरच्या कुठल्या तरी बोचक्यात असतो. तो आत्ताच शोधा.

आणि वडिलांच्या नावावरचे शेअर्स. वडील जाऊन आठ वर्षं झाली, कारखाना दोघे भाऊ चालवतात, पण रजिस्टरमध्ये १२ टक्के अजून वडिलांच्याच नावावर. कायद्याने त्यात बहिणींचाही वाटा. मृत्युपत्र नसेल तर वारसाहक्काचा दाखला, बहिणींचं हक्कसोड किंवा त्यांच्या नावे वाटप, मग शेअर्सचं ट्रान्समिशन (वारसांच्या नावे करणं), मग डीमॅट. यात काही महिने सहज जातात. खरेदीदाराचा वकील हे पहिल्याच आठवड्यात पकडतो आणि त्या घाईत बहिणीशी बोलणी करायची वेळ आली की घरात कटुता येते. होल्डिंगचा काळ मात्र वडिलांच्या तारखेपासून धरतात, तेवढा दिलासा.

शेअर्स विकायचे की धंदा?

खरेदीदाराला बऱ्याचदा कंपनी नको असते, धंदा हवा असतो. जुने जीएसटीचे, पीएफचे दावे त्याला अंगावर घ्यायचे नसतात. म्हणून तो ‘स्लम्प सेल’ मागतो: कंपनी आपला धंदा एकगठ्ठा विकते आणि पैसे कंपनीला मिळतात. तुम्हाला नाही.

१०० रुपये नफा धरा. शेअर्स विकले तर १४.९५ कर जाऊन ८५.०५ हातात. स्लम्प सेलमध्ये २२ टक्क्यांची सवलतीची करप्रणाली घेतलेली कंपनी दीर्घ मुदतीच्या नफ्यावर १४.३० भरते आणि ८५.७० कंपनीत राहतात. ते लाभांश म्हणून घरी आणायचे तर वरच्या स्लॅबमधल्या मालकाला ३५.८८ टक्क्यांपर्यंत कर. म्हणजे आणखी ३०.७५ गेले. घरी पोचले ५४.९५. तोच धंदा, तोच भाव, आणि शंभरामागे ३० रुपयांचा फरक.

स्लम्प सेल नेहमीच वाईट असं नाही. मालकाला कंपनीतच पैसे ठेवून दुसरा धंदा काढायचा असेल, किंवा प्रोप्रायटरशिप असेल, तर दुहेरी कराचा प्रश्नच येत नाही. पण पैसे घरी न्यायचे असतील तर स्लम्प सेलचा भाव हा शेअर्सच्या भावापेक्षा वेगळा आकडा आहे, हे पहिल्या बैठकीतच बोलावं.

जाता जाता नॉन-कॉम्पीट फीबद्दल. ‘२० कोटी शेअर्सचे आणि ३ कोटी स्पर्धा न करण्याचे’ अशी वाटणी ऐकायला सारखीच वाटते. पण स्पर्धा न करण्याचे पैसे धंद्याचं उत्पन्न धरले जातात आणि स्लॅबने कर लागतो. कंपनी विकणाऱ्याने स्पर्धा न करण्याचं वचन द्यावं, वेगळी फी मागू नये.

घर घेऊन कर वाचवणं

कलम ५४एफ सगळ्यांना अर्धवट माहीत असतं. शेअर्स विकून आलेली रक्कम भारतात एका राहत्या घरात गुंतवली तर सूट मिळते. सूट नफ्यावर नाही, तर मिळालेल्या निव्वळ रकमेतला किती भाग गुंतवला त्या प्रमाणात. घर विक्रीच्या आधी वर्षभरात किंवा नंतर दोन वर्षांत विकत घ्यायचं, बांधायचं तर तीन वर्षांत. सूट मिळवून देणाऱ्या गुंतवणुकीची कमाल मर्यादा १० कोटी. विक्रीच्या दिवशी या नव्या घराव्यतिरिक्त एकापेक्षा जास्त राहती घरं तुमच्या नावावर नसावीत. इथेच पुण्यातले मालक अडकतात. राहता फ्लॅट, हिंजवडीत गुंतवणूक म्हणून घेतलेला दुसरा आणि गावचं घर. संयुक्त मालकीचं घर मोजायचं की नाही यावर खटले झालेले आहेत, त्या भरवशावर राहू नका. एकच घर ठेवून बाकीची खरंच कमी करायची असतील तर ते शेअर्सच्या व्यवहाराआधी करा.

रिटर्न भरायच्या तारखेपर्यंत घर झालं नाही तर उरलेली रक्कम कॅपिटल गेन्स अकाउंट स्कीमच्या खात्यात टाकावी लागते. साध्या एफडीत ठेवलेली चालत नाही. नवं घर तीन वर्षांत विकलं तर सूट परत जाते.

आता हिशेब. ३ कोटींचं घर घेतलं तर आपल्या उदाहरणात कर सुमारे ४५ लाखांनी वाचतो, पण पुंजीतून ३ कोटी बाहेर जातात. म्हणजे दरमहा उत्पन्न देणारी रक्कम अडीच कोटींनी घटली. घर हवंच होतं तर उत्तम. ९० लाख वाचवायला ६ कोटींचा बंगला घेणाऱ्याला पुढे त्या बंगल्याचा मेंटेनन्स भरायला एफडी मोडाव्या लागतात.

आणखी एक गैरसमज: ५४ईसीचे बॉण्ड. ५० लाखांपर्यंतचे हे बॉण्ड फक्त जमीन किंवा इमारतीच्या नफ्यावर चालतात, शेअर्सच्या नाही. कारखान्याची जागा तुमच्या वैयक्तिक नावावर असेल आणि तीही विकणार असाल, तर त्या नफ्यापुरते सहा महिन्यांत घेता येतात, पाच वर्षं अडकून.

अॅडव्हान्स टॅक्सही लक्षात ठेवा: १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च. भांडवली नफा अचानक होतो म्हणून त्यावरचा कर नंतरच्या हप्त्यांत भरला तर आधीच्या हप्त्यांचं व्याज लागत नाही. व्यवहार मार्चच्या शेवटच्या पंधरवड्यात झाला तर ३१ मार्चपर्यंत भरा. रक्कम आल्या दिवशीच कराएवढे पैसे वेगळ्या खात्यात काढून ठेवा आणि ते खातं विसरून जा.

जागा: ठेवायची की द्यायची?

एमआयडीसीचा भूखंड ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असतो. तो कंपनीच्या नावावर असेल तर शेअर्सबरोबर तोही जातो, पण भागधारक बदलल्यावरही एमआयडीसी हस्तांतरण शुल्क मागू शकते. किती आणि कोणी भरायचं, हे प्रादेशिक कार्यालयातून लेखी घेऊन करारात लिहा. शेवटच्या आठवड्यात हा आकडा समोर आला तर तो विकणाऱ्याच्याच माथी बसतो.

भूखंड किंवा खाजगी जमीन तुमच्या नावावर असेल तर आमचा कल ती राखण्याकडे. नव्या मालकाला मशिनरी हलवायची नसते, त्यामुळे भाडेकरू पक्का. महिना दीड लाख भाडं म्हणजे वर्षाला १८ लाख, आणि भाड्याच्या उत्पन्नातून ३० टक्के सरसकट वजावट. वरच्या हिशेबात ४० लाखांच्या खर्चापैकी चांगला भाग इथून निघाला तर पुंजीवरचा ताण एकदम उतरतो. भाडेकरार नोंदणीकृत, लॉक-इन किमान पाच वर्षं, दरवर्षीची वाढ आकड्यात लिहिलेली. एमआयडीसीच्या जागेला पोटभाड्याची परवानगी आणि शुल्क लागतं, ते विसरू नका.

गॅरंटी शेअर्सबरोबर जात नाही

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. सीसी लिमिट घेताना तुम्ही आणि पत्नीने पर्सनल गॅरंटी दिलेली असते, कदाचित राहता फ्लॅटही गहाण असतो. शेअर्स विकले, संचालकपदाचा राजीनामा दिला, तरी गॅरंटी तशीच राहते. ती तुमच्यात आणि बँकेत आहे, खरेदीदाराशी तिचा संबंध नाही. दोन वर्षांनी नव्या मालकाने हप्ते थकवले तर नोटीस तुमच्या घरी येणार. डिसेंबर २०१९ पासून कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांवर दिवाळखोरी कायद्याखाली थेट कारवाई होऊ शकते.

‘व्यवहार झाल्यावर ९० दिवसांत सोडवून देऊ’ हे वाक्य करारात चालवून घेऊ नका. बँकेचं गॅरंटी मुक्त केल्याचं पत्र, नावं घालून, ही पैसे आणि शेअर्स यांच्या देवाणघेवाणीची पूर्वअट असावी. बँक तयार नसेल तर खरेदीदाराने त्या दिवशी कर्ज फेडावं, म्हणजे प्रश्नच मिटतो. कर्ज फिटल्यावर कंपनीने चार्ज (बोजा) उतरल्याचा सीएचजी-४ फॉर्म भरला का, सरसाईवरची (गहाणांच्या केंद्रीय नोंदवहीतली) तुमच्या फ्लॅटची नोंद उतरली का आणि मूळ खरेदीखत परत आलं का, हे स्वतः बघा. मशिनरी पुरवठादाराला किंवा एनबीएफसीला दिलेल्या गॅरंट्याही आठवून काढा. त्या बहुधा कोणाच्याच यादीत नसतात.

याच वेळी संचालक आणि कंपनीमधली देणीघेणी साफ करा. तुम्ही कंपनीला दिलेलं अनसिक्युअर्ड लोन किमतीच्या हिशेबात ‘कर्ज’ म्हणून वजा होतं, तर ते परत मिळाल्याचंही त्याच कागदावर दिसलं पाहिजे. उलट तुम्ही कंपनीतून उचल घेतली असेल तर ती लाभांश ठरून कर लागू शकतो. ती विक्रीच्या वर्षभर आधी मिटवलेली बरी.

आलेले पैसे, न आलेले पैसे

एस्क्रो आणि अर्न-आउट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एस्क्रोतले पैसे तुमचे आहेत, पण जुना दावा निघाला तर त्यातून कापले जातील. अर्न-आउट म्हणजे पुढच्या दोन-तीन वर्षांत धंद्याने अमुक नफा केला तरच मिळणारी रक्कम. तेव्हा खर्चाच्या चाव्या दुसऱ्याकडे असतात. नव्या मालकाने मुख्य कार्यालयाचा खर्च तुमच्या युनिटवर टाकला की नफा कमी आणि अर्न-आउट शून्य. म्हणून तो नफ्यापेक्षा विक्रीवर किंवा ग्रॉस मार्जिनवर मागावा. घरच्या हिशेबात अर्न-आउट शून्यच धरावा, मिळाला तर आनंद.

करात दोघांचाही घोळ आहे. कर साधारणपणे हस्तांतरणाच्या वर्षी लागतो, पैसे आले असोत वा नसोत. रक्कम खरोखर अनिश्चित असेल तर ती मिळेपर्यंत कर नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये म्हटलं. एस्क्रोतून कापली गेलेली रक्कम विक्री किमतीत धरू नये, असं त्याच न्यायालयाने २०२२ मध्ये. दिल्ली उच्च न्यायालयाचा २०१२ चा निकाल मात्र करारात ठरलेली पूर्ण रक्कम पहिल्याच वर्षी करपात्र धरतो. सगळं करारातल्या शब्दांवर टांगलेलं असल्यामुळे करार लिहिणारा वकील आणि तुमचा सीए एका टेबलावर बसायला हवेत. एरवी मसुदा सीएपर्यंत पोचतो तो सही झाल्यावर, तेही रिटर्न भरायच्या वेळी.

तुम्ही दिलेल्या हमीही बघा. साधारण हमीची मुदत १८ ते २४ महिने, करांबाबतची सहसा सात वर्षांपर्यंत. एकूण जबाबदारी किती रकमेपर्यंत, हा आकडा करारात असलाच पाहिजे. पहिली दोन वर्षं त्यातला काही भाग एफडीत वेगळा ठेवावा.

घरातल्यांच्या नावावर

पत्नीला शेअर्स भेट दिले तर विक्रीचा नफा तुमच्याच उत्पन्नात धरतात. सज्ञान मुलगा-मुलगी किंवा आईवडिलांना दिले तर नाही, भेटीवर करही नाही आणि होल्डिंगचा काळही तुमच्या तारखेपासून चालतो. मग त्यांचं स्वतःचं ५४एफ, स्वतःचं घर. पण हे खरेदीदाराशी आकडा ठरण्याच्या खूप आधी करायचं. टर्म शीटवर सही झाल्यावर केलेली भेट म्हणजे ठरलेली रक्कम वळवणं, असा अर्थ काढायला खात्याला वाव मिळतो. आणि दिलेलं ते दिलेलं. मुलाचं लग्न मोडलं किंवा त्याने दुसऱ्याच धंद्यात पैसे घातले तरी परत मागता येत नाही. अशी धास्ती असेल तर फॅमिली ट्रस्ट. फक्त, लाभार्थ्यांचे हिस्से ठरलेले नसतील तर त्याचं उत्पन्न सहसा सर्वोच्च दराने करपात्र होतं, हे लक्षात घेऊन तो करावा.

मृत्युपत्र तर कराच. कंपनी विकण्याआधीचं असेल तर ते ‘माझे शेअर्स’ म्हणतं आणि शेअर्स आता नाहीतच. नॉमिनेशनने हा प्रश्न सुटत नाही: नॉमिनी हा मालक नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने शेअर्सच्या बाबतीत डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं.

पहिले सहा महिने

पैसे आले की दोन दिवसांत बँकेचा रिलेशनशिप मॅनेजर पेढे घेऊन येतो. पिशवीत पेढ्यांखाली विमा पॉलिसीचा फॉर्म असतो. वर्षाला पाच लाखांपेक्षा जास्त हप्त्याच्या नव्या पारंपरिक पॉलिसींची मॅच्युरिटी आणि अडीच लाखांवरच्या युलिपची (बाजाराशी जोडलेल्या विम्याची) रक्कम करमुक्त नाही, हे तो सांगेलच असं नाही. पीएमएसला (पोर्टफोलिओ सांभाळणारी सेवा) किमान ५० लाख आणि एआयएफला (पर्यायी गुंतवणूक फंड) १ कोटी लागतात. तेवढे तुमच्याकडे आहेत, म्हणून ते घ्यायलाच हवेत असं थोडंच आहे? सल्ला हवा तर सेबीकडे नोंदणी असलेल्या, फक्त तुमच्याकडून फी घेणाऱ्या सल्लागाराकडून घ्या.

पहिले सहा महिने काहीही कायमचं करू नका. पण पैसे कुठे पडून आहेत ते बघा. ठेव विमा एका बँकेत एका ठेवीदाराला, सगळ्या शाखा मिळून, फक्त ५ लाखांचा. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदारांना १,००० रुपयेच काढता येत होते. गावच्या सहकारी बँकेचे संचालक मित्र असले तरी १२ कोटी तिथे ठेवायचे नसतात. रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट खात्यातून ९१ किंवा १८२ दिवसांची ट्रेझरी बिलं, दोन-तीन मोठ्या बँकांत ठेवी आणि गरजेपुरता लिक्विड फंड एवढं पुरतं. शेअर बाजारात जायचं ते त्यानंतर, १८ ते २४ महिन्यांत हप्त्याहप्त्याने.

आरोग्य विमा मात्र सही व्हायच्या आधीच घ्या. कंपनीची ग्रुप मेडिक्लेम कंपनीबरोबर जाते. नव्या वैयक्तिक पॉलिसीत आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं आणि पन्नाशीनंतर मधुमेह-रक्तदाब असलेल्यांना प्रस्ताव नाकारलाही जातो. विक्रीच्या दोन-तीन वर्षं आधी सुरू केलेली पॉलिसी विक्रीच्या दिवशी बरीचशी मुरलेली असते.

आणि खिशातला मोबाइल. तो नंबर बहुतेकदा कंपनीच्या कॉर्पोरेट प्लॅनवर असतो. आधार, पॅन, डीमॅट, बँकेचे ओटीपी, सगळं त्याच्यावर. हस्तांतरणाच्या दुसऱ्या दिवशी नव्या मालकाच्या आयटी विभागाने यादी बघून सिम बंद केलं, तर खात्यात १२ कोटी असूनही त्यातला एक रुपया हलवता येत नाही. नंबर स्वतःच्या नावावर करून घ्यायला दुकानात एक फेरी आणि कंपनीच्या लेटरहेडवर एक पत्र लागतं. त्या पत्रावर सही करायचा अधिकार तुमच्याकडे आहे तोवर ते करून घ्या.